ताप उतरल्यावर

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'एआय आणि आपली मुलं' असा विषय दिला होता. त्यावर बोलणारे हल्ली गल्लोगल्ली सापडतात, म्हणून परवानगी काढून मी विषय बदलून घेतला. मी रक्तावर बोलणार आहे. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. आपल्या बॅचचे तीन डॉक्टर समोर बसलेत, मी भलतंसलतं बोलायला लागले तर ते मला खाली बसवतीलच. मी इंजिनिअर. पण गेली सोळा वर्षं मी जे सॉफ्टवेअर लिहिते ते रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्रात चालतं. तुम्ही लॅबमध्ये जाऊन 'सीबीसी'साठी रक्त देता आणि संध्याकाळी जो कागद हातात येतो, त्यावरचा प्लेटलेट्सचा आकडा माझ्यासारख्यांच्या कोडमधून छापला जातो.

दर पावसाळ्यात, ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत, हाच आकडा आपल्या ग्रुपवर फिरतो. 'प्लेटलेट ३२ हजार, बी पॉझिटिव्ह डोनर हवा, अर्जंट.' आपण प्रत्येक वेळी धावलो, रात्री दोनला मोटरसायकल काढणारेही इथे आहेत. त्याचं मला फार कौतुक आहे. पण एकाही निरोपात रुग्णाबद्दल दुसरं काही लिहिलेलं नव्हतं. ताप कधी उतरला, पोट दुखतंय का, लघवी होतेय का, पीसीव्ही किती, काहीच नाही. नुसता एक आकडा. तो आकडा छापणारीच तुम्हाला सांगतेय की डेंग्यूमध्ये त्याच्याकडे एवढं टक लावून बघू नका.

आधी यंत्राचं सांगते. वॉलेस कुल्टर नावाच्या अमेरिकन माणसाला १९५३ मध्ये एका पद्धतीचं पेटंट मिळालं. आजही कितीतरी यंत्रं मुळात तीच पद्धत वापरतात. रक्त मिठाच्या पाण्यात पातळ करायचं, अगदी बारीक भोकातून ओढायचं आणि भोकाच्या अलीकडून पलीकडे विजेचा प्रवाह चालू ठेवायचा. पेशी भोकातून गेली की प्रवाहाची वाट क्षणभर अडते. तो एक ठोका. ठोके मोजले की पेशींची संख्या कळते आणि ठोक्याची उंची मोजली की पेशीचं आकारमान. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, प्लेटलेट दोन-तीनची. (आपल्या पुस्तकात तिला 'रक्तपट्टिका' म्हटलं होतं, बाईंना आठवत असेल.) एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे थेंबाच्या साधारण पन्नासाव्या हिश्शात, ४५-५० लाख तांबड्या पेशी, दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स आणि चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात.

आता गंमत बघा. नळीत प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गुठळी झाली तर यंत्र तिला प्लेटलेट धरतच नाही आणि आकडा खोटाच खाली येतो. उलट तांबड्या पेशींचे तुकडे पडले असतील तर तेही प्लेटलेट म्हणून मोजले जातात. शिवाय आकडा जितका खाली, तितकी मोजणीतली डळमळ जास्त. एकाच नळीतलं रक्त दोनदा मोजलं तर एकदा १८ हजार आणि एकदा २२ हजार येऊ शकतात. म्हणून चांगल्या लॅबमध्ये आकडा फार खाली आला की तंत्रज्ञ काचपट्टीवर रक्ताचा थर काढून मायक्रोस्कोपखाली डोळ्याने बघतो. पण घरात काय होतं? 'सकाळी बावीस होते, आता अठरा झाले!' आणि रडारड.

यंत्राचं झालं. आता मूळ प्रश्न, डेंग्यूत रक्तात घडतं काय?

डेंग्यूचा विषाणू म्हणजे सुमारे १०,७०० अक्षरांचा आरएनए. त्यातून जेमतेम दहा प्रथिनं बनतात. आमच्याकडे लॉगिनचं साधं पान लिहायला याहून जास्त अक्षरं लागतात, आणि तेही धड चालत नाही. डास चावला की त्वचेतल्या पहारेकरी पेशींना हा विषाणू आधी गाठतो आणि तिथून रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये शिरतो. मोनोसाइटचं काम जंतू गिळून संपवायचं. म्हणजे चोराने मुक्काम केला तो थेट पोलीस चौकीत.

पेशीच्या आत परका आरएनए दिसला की तो ओळखणारी प्रथिनं जागी होतात आणि पेशी एक निरोप बाहेर सोडते. त्या निरोपाचं नाव इंटरफेरॉन. लंडनच्या मिल हिल भागातल्या प्रयोगशाळेत अ‍ॅलिक आयझॅक्स आणि ज्याँ लिंडनमान यांनी तो १९५७ मध्ये शोधला. कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर त्यांनी निकामी केलेला फ्लूचा विषाणू घातला, तर त्या पेशींतून काहीतरी बाहेर पडलं आणि त्याच्यामुळे दुसऱ्या, ताज्या पेशीही विषाणूला दाद देईनात.

निरोप बाहेर सुटला, पण शेजारची पेशी तो वाचते कशी? इंटरफेरॉन पेशीच्या आत जातच नाही. पेशीच्या अंगावर त्याच्यासाठी एक रिसेप्टर असतो, दारावरच्या कडीसारखा. कडी वाजली की आतल्या बाजूला चिकटलेली 'जॅक' घराण्यातली दोन प्रथिनं जागी होतात. ती 'स्टॅट-१' आणि 'स्टॅट-२' या प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का मारतात. शिक्का बसला की स्टॅटची जोडी जमते, आणखी एका प्रथिनाला सोबत घेऊन ती केंद्रकात जाते आणि शेकडो जनुकं चालू करते. पेशी दारंखिडक्या लावून बसते. (जॅक हे नाव आधी 'आणखी एक कायनेज' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडलं होतं. पुढे प्रतिष्ठा वाढली आणि ते रोमन लोकांच्या दोन तोंडांच्या देवाशी, जेनसशी जोडलं गेलं. आमच्या क्षेत्रात तात्पुरती ठेवलेली नावं अशीच कायमची होतात, फक्त देव मिळत नाही.)

ही सगळी साखळी काही मिनिटांत पुरी होते. डेंग्यूचा विषाणू नेमका तिचा एक दुवा तोडतो. त्याच्या दहा प्रथिनांपैकी एनएस-५ नावाचं प्रथिन स्टॅट-२ला धरतं आणि पेशीच्याच कचरा नष्ट करणाऱ्या यंत्रणेच्या हवाली करतं. कडी वाजते, आत जॅक जागा होतो, पण पुढे निरोप न्यायला माणूसच नाही. हे फक्त माणसाच्या स्टॅट-२च्या बाबतीत जमतं. उंदराचा स्टॅट-२ एनएस-५ला तोडता येत नाही. साध्या उंदरात डेंग्यू नीट वाढत नाही त्याचं हे एक मोठं कारण. म्हणून औषधं तपासायची तर ज्यांच्यात इंटरफेरॉनचे रिसेप्टरच नाहीत असे उंदीर मुद्दाम तयार करावे लागतात. डेंग्यूवर नेमकं औषध अजून का नाही, असं आपण विचारतो, त्यामागे अशाही अडचणी आहेत.

पहिले तीन-चार दिवस मग विषाणूची चंगळ. शरीरही गप्प बसत नाही, दुसऱ्या वाटांनी निरोपांचा मारा चालू ठेवतं. कडक ताप, डोळ्यांमागे ठणका, हाडं मोडल्यासारखं दुखणं हे बहुतेक या निरोपांचंच काम. हाडमोड्या ताप म्हणतात तो हाच. एनएस-१ नावाचं विषाणूचं दुसरं एक प्रथिन याच काळात रक्तात भरपूर सुटलेलं असतं, म्हणून पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ची चाचणी करतात. त्यानंतर प्रतिपिंडांची, म्हणजे आयजीएमची. सरकारी रुग्णालयांत त्या चाचणीचे संच जातात ते आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तयार झालेले. पुण्यात राहून त्या पाषाणच्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांनाही हे माहीत नसतं.

आता जो भाग सांगण्यासाठी मी विषय बदलून घेतला, तो. साधारण चौथ्या ते सहाव्या दिवशी ताप उतरतो. रक्तातला विषाणूही तोवर झपाट्याने कमी झालेला असतो. घरचे म्हणतात, 'सुटलो.' आणि ज्यांना गंभीर डेंग्यू व्हायचा असतो त्यांचा तो नेमका तेव्हा सुरू होतो. विषाणू निघून चाललाय आणि माणूस खालावतोय, हे कोडं डॉक्टरांनाही बरीच वर्षं पडलं होतं.

झालेलं असतं ते असं. पांढऱ्या पेशींनी सोडलेल्या निरोपांचा पूर इतका झालेला असतो की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी एकमेकींपासून किंचित सैल होतात. त्या अस्तरावर साखरेच्या रेणूंचा एक नाजूक थर असतो, तो एनएस-१मुळे झिजतो, हे २०१५च्या सुमारास दाखवलं गेलं. मग वाहिनी पाझरायला लागते. तांबड्या पेशी आतच राहतात, रक्तातलं पाणी आणि प्रथिनं, म्हणजे रक्तद्रव, बाहेर पोटात आणि छातीत झिरपतं. मागे राहतं ते दाट रक्त. हे रिपोर्टवर कुठे दिसतं? पीसीव्हीत. शंभर भाग रक्तात तांबड्या पेशींचे भाग किती, तो हा आकडा. तो माणसाच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा वीस टक्क्यांनी चढला की समजायचं, पाझर चालू आहे. हा पाझर २४ ते ४८ तास टिकतो आणि मग आपोआप थांबतो. त्या दोन दिवसांत मोजूनमापून सलाईन देऊन माणसाला पलीकडे न्यायचं, हा डेंग्यूचा मुख्य उपचार. वेळेवर मिळाला तर दगावणाऱ्यांचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली येतं. सलाईन कमी पडलं तर रक्तदाब कोसळतो. जास्त झालं तर पाझर थांबल्यावर बाहेर गेलेलं पाणी परत रक्तात येतं आणि छातीत पाणी होऊन श्वास लागतो. म्हणजे 'अजून एक बाटली लावा ना डॉक्टर' हा आग्रहही बरा नव्हे.

आपल्यातल्या एका मैत्रिणीच्या मुलाचं उदाहरण तिच्या परवानगीने सांगते. मुलगा चौदा वर्षांचा. शनिवारी सकाळी ताप उतरला. प्लेटलेट्स ६२ हजार, म्हणून ग्रुपवर 'आता काळजी नाही' असा निरोप आला आणि आपण सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली. दुपारी त्याचं पोट दुखायला लागलं, दोनदा उलटी झाली. घरचे म्हणाले, तापाने पोट रिकामं होतं, पित्त झालं असेल. शेजारच्या वहिनी नर्स आहेत. त्यांनी त्याचे हात हातात घेतले, ते गार होते. सकाळपासून लघवीला गेलास का विचारलं, तर नाही म्हणाला. त्यांनी एकच केलं, रिक्षा बोलावली. रुग्णालयात पीसीव्ही ५१ आला. चार दिवसांपूर्वी तो ४० होता, आणि दोन्ही आकडे घरात फाइलमध्येच होते. रविवारची रात्र कठीण गेली, सोमवारी पाझर थांबला. त्याला प्लेटलेटची एकही पिशवी लागली नाही. आज तो बाहेर क्रिकेट खेळतोय, मघाशी ज्याच्या चेंडूने समईजवळची फुलं उडाली तोच.

गंभीर डेंग्यू सगळ्यांना होत नाही. बहुतेकांना आठवडाभर अंथरूण आणि मग महिनाभर थकवा, एवढ्यावर भागतं. कोणाला गंभीर होणार याचा एक मोठा धागा क्युबात सापडला. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. क्युबात १९७७ मध्ये पहिला प्रकार आला, आजार सौम्य होता. १९८१ मध्ये दुसरा प्रकार आला तेव्हा ३,४४,२०३ रुग्ण आणि १५८ मृत्यू झाले. त्यातली १०१ मुलं होती. मग बरीच वर्षं शांतता. १९९७ मध्ये सांतियागो दे क्युबा या शहरात दुसरा प्रकार पुन्हा आला. यावेळी गंभीर आजार झाला तो जवळजवळ सगळा मोठ्या माणसांना, ज्यांना वीस वर्षांपूर्वी पहिला प्रकार होऊन गेला होता. शांततेच्या वर्षांत जन्मलेली मुलं त्यातून वाचली. म्हणजे शरीराने वीस वर्षं जपून ठेवलेली आठवणच घातक ठरली होती.

हे कसं घडतं त्याची कल्पना अमेरिकन डॉक्टर स्कॉट हॅल्स्टेड यांनी बँकॉकमधल्या कामावरून मांडली होती. तिथे दोन गटांत गंभीर डेंग्यू दिसत होता. एक, दुसऱ्यांदा डेंग्यू झालेली मुलं. आणि दुसरा, पहिल्यांदाच झालेली, पण ज्यांच्या आयांना डेंग्यू होऊन गेलाय अशी तान्ही बाळं. बाळाचा स्वतःचा पहिलाच डेंग्यू, मग गंभीर का? कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं त्याच्या रक्तात होती. जन्मल्यावर ती भरपूर असतात तोवर बाळ सुरक्षित, पुढे काही महिन्यांत ती विरळ झाली की धोका.

प्रतिपिंड इंग्रजी वाय अक्षरासारखं असतं. दोन हातांनी विषाणूला धरायचं आणि शेपूट मोकळी ठेवायची. मोनोसाइटच्या अंगावर ती शेपूट पकडणारे रिसेप्टर असतात. शेपूट पकडली की पेशी अख्खं बोचकं आत ओढते आणि नष्ट करते. व्यवस्था उत्तम आहे. पण पहिल्या प्रकाराविरुद्ध बनलेलं प्रतिपिंड दुसऱ्या प्रकारावर अर्धवटच बसतं. विषाणू निकामी होत नाही, पण शेपूट मात्र मोकळी. मोनोसाइट इमानाने ती पकडते आणि जिवंत विषाणूला स्वतः घरात घेते. शिवाय या दाराने आलेल्या विषाणूमुळे आतला इंटरफेरॉनचा निरोपही दबतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. मग बाधित पेशी जास्त, विषाणू जास्त, पुढे निरोपांचा पूर मोठा. निकाराग्वामध्ये आठ हजारांहून अधिक मुलांच्या रक्ताचे नमुने वर्षानुवर्षं साठवले होते. त्यावरून २०१७ मध्ये स्पष्ट झालं की प्रतिपिंडं अजिबात नसणं किंवा भरपूर असणं यापेक्षा मधल्या एका पातळीला धोका सगळ्यात जास्त असतो.

ही गोष्ट फिलिपाइन्सला महागात पडली. तिथे एप्रिल २०१६ पासून शाळाशाळांत डेंग्यूची पहिली लस टोचली, आठ लाखांहून जास्त मुलांना. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलं की ज्यांना आधी कधीच डेंग्यू झाला नव्हता अशा मुलांना लसीनंतर डेंग्यू झाला तर तो गंभीर होण्याचा धोका वाढतो. ज्यांना आधी होऊन गेला होता त्यांना लसीचा फायदाच होत होता. कोरी पाटी असलेल्या मुलांच्या शरीरात मात्र लस जणू पहिल्या डेंग्यूसारखी नोंद करून ठेवत होती. कार्यक्रम बंद झाला आणि लोकांचा इतर लसींवरचाही विश्वास घसरला. माझ्या मते त्यातलं सगळ्यात मोठं नुकसान तेच. म्हणून डेंग्यूच्या लसीला इतका वेळ का लागतो याची चिडचिड करू नका. चारही प्रकारांवर एकदम, पुरेशी आणि टिकाऊ प्रतिपिंडं बनवावी लागतात, कुठलाही प्रकार अर्धवट सुटून चालत नाही. आपल्याकडे आयसीएमआर आणि पॅनेशिया बायोटेक यांच्या लसीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला सुरू झाली. १०,३३५ निरोगी प्रौढांना त्यात घेण्याचं ठरलं होतं.

आता प्लेटलेट्स. त्या कमी का होतात? विषाणूमुळे अस्थिमज्जेत त्या बनणं मंदावतं आणि रक्तात असलेल्या लवकर नष्ट होतात. आठवड्याभरात त्या स्वतःहून चढायला लागतात. बाहेरून पिशवी दिली तर? सिंगापूर आणि मलेशियातल्या पाच रुग्णालयांत ३७२ प्रौढ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. सगळ्यांच्या प्लेटलेट्स २० हजार किंवा त्याखाली, पण रक्तस्राव नव्हता. निम्म्यांना पिशव्या दिल्या, निम्म्यांना नाही. पिशव्यांमुळे रक्तस्राव टळल्याचं काही दिसलं नाही, त्रास मात्र पिशव्या दिलेल्यांना जास्त झाला. अंगावर पित्त उठणं, ॲलर्जी असे. रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी, तो निर्णय डॉक्टरांचा. पण नुसता आकडा बघून 'पिशवी लावाच' असा डॉक्टरांवर दबाव आणणारे नातेवाईक आपणच असतो, हे मी लॅबच्या काउंटरवर उभी राहून पाहिलंय.

पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचं दूध यावर मला दरवर्षी विचारता. पपईच्या पानांनी आकडा थोडा लवकर चढत असेलही, पण आपल्याला आकडा बरा करायचा नाही, मूल बरं करायचं आहे. पाझर पपईने थांबत नाही. आणि तो कडू रस पाजून उलट्या करवल्या तर पोटात जायचं पाणीही जात नाही. त्यापेक्षा ओआरएस, ताक, पेज, शहाळं. तापाला पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मात्रेत. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन यातलं काही नाही, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. आपल्या सरांपैकी काहीजण हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेतात. त्यांनी ताप आल्यावर ती स्वतःहून बंद करू नये आणि चालूही ठेवू नये, पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं.

तर यंदापासून ग्रुपवर निरोप टाकाल तेव्हा प्लेटलेट्सच्या आधी हे लिहा: तापाचा कितवा दिवस, ताप उतरून किती तास झाले, आजचा पीसीव्ही आणि आधीचा पीसीव्ही, सहा तासांत लघवी झाली का, पोटदुखी किंवा सतत उलट्या आहेत का, हिरड्या-नाकातून रक्त, सुस्ती किंवा विचित्र तगमग आहे का. यातलं काही असलं तर निरोप टाकत बसू नका, आधी रिक्षा बोलवा. आणि पहिल्या दिवशीच एक सीबीसी करून तो कागद जपून ठेवा, कारण वीस टक्के चढलं हे कळायला मुळात किती होतं ते माहीत लागतं.

माझी वेळ संपल्याची खूण सर मघापासून करतायत. यंत्राबद्दलचे प्रश्न मला विचारा, औषधांबद्दलचे समोरच्या तिघांना. त्यांना आज फी घ्यायची नाही असं आयोजकांनी बजावून ठेवलंय.